आईसाहेबांची पिल्लं

आईसाहेबांच्या पिल्लांना शिंगं होती.

तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला, चष्म्याच्या काचा कोटाच्या टोकाने पुसल्या आणि पुन्हा वाकून पाहिलं. शिंगं जिथल्या तिथे. त्या एवढ्याशा थेंबात असंख्य जीव गरागरा फिरत होते आणि प्रत्येकाच्या डोक्याच्या दोन कोपऱ्यांना दोन बारकी शिंगं होती. मधोमध एकच काळा डोळा. खेकड्याच्या पिल्लाला दोन मोठाले डोळे असतात, पाठीवर सुईसारखा लांब काटा असतो. ते चित्र तिने इतक्यांदा काढलं होतं, की झोपेतून उठवून काढायला सांगितलं असतं तरी जमलं असतं. हे ते नव्हतं. हे खेकड्याचं पिल्लूच नव्हतं.

आपणच काहीतरी घोळ घातला, असं ती आधी धरून चालली. ड्रॉपर धुतला, नवी काच घेतली, आईसाहेबांच्या टाकीतलं पाणी पुन्हा उचललं. पुन्हा शिंगंच. मग हात कोटाच्या खिशात घालून ती तशीच बसून राहिली.

आईसाहेब म्हणजे मधल्या टाकीतली खेकडी. टाक्यांना खरं तर आकडे दिलेले होते, पण हिच्या बाबतीत आकडा कुणीच वापरत नसे. प्रयोगशाळेतला सारा मान हिच्याकडे होता. पोटाखाली अंड्यांचा पुंजका धरून ती दिवसभर त्याला पाण्याचा वारा घालायची, मागच्या पायांनी तो साफ करायची, बोट काचेजवळ नेलं तरी नांगी उगारून धावून यायची. एक खेप झाली की थोड्या दिवसांत पुन्हा पोट फुगलेलं. नर जवळ नसताना हे कसं, असं लंबूने एकदा विचारलंही होतं. लंबू म्हणजे शेजारच्या टेबलावर शैवालावर काम करणारा, दारातून वाकून येणारा मुलगा. त्यावर तिनेच त्याला ऐटीत सांगितलं होतं, की खेकडी नराचं बीज साठवून ठेवते आणि लागेल तसं वापरते. ते खरंही आहे. म्हणून तर कुणाला शंका आली नाही.

तिच्या कामाचा प्रश्न साधा होता. पिल्लं जन्माला घालायला नराचं किती खर्ची पडतं आणि मादीचं किती? खेकडा खातो, त्यातून त्याला शक्ती मिळते. थोडी जगण्यात जाते, थोडी वाढण्यात आणि उरलेली पिल्लांपायी. नर मारामाऱ्या करतो, मादीला पोटाखाली धरून हिंडवतो, बीज तयार करतो. मादी अंडी तयार करते आणि मग ती पोटाशी धरून त्यांना वारा घालत बसते. ही वारा घालण्याची मेहनत मोजायची, तर खेकडीला बंद बरणीत ठेवायचं आणि तिने किती प्राणवायू वापरला ते बघायचं. जितका श्वास जास्त, तितका खर्च जास्त. तिच्या आलेखात तीन खांब होते: नर, रिकामी मादी, अंडीवाली मादी. तिसरा खांब पहिल्या दोघांच्या डोक्यावर पाय देऊन उभा होता, आणि त्याची उंची मुख्यतः आईसाहेब आणि त्यांच्या रांगेतल्या शेजारणींच्या जिवावर होती.

तो खांब आज दुपारी पाहुण्यांना दाखवायचा होता. बाहेरून समिती येणार होती, आणि तिचं काम आणखी एक वर्ष चालू ठेवायचं की इथेच गुंडाळायचं, हे तिचं बोलणं ऐकून ठरणार होतं. शेवटी एखादं पिल्लाचं छायाचित्र असू दे, लोकांना बरं वाटतं, असं तिच्या मार्गदर्शक मॅडम काल म्हणाल्या म्हणून तिने आज पहिल्यांदा आईसाहेबांची पिल्लं सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. आजवरच्या सगळ्या खेपा गाळणीत वाहून गेल्या होत्या. तिला श्वासाशी काम होतं, पिल्लांशी नाही.

"भूत बघितल्यासारखी काय बसलीयस?" लंबू दारातून वाकत आत आला. "भाषण पाठ होईना?"

"हे बघ."

लंबूने बघितलं. "गोड आहेत. कोण?"

"आईसाहेबांची पिल्लं."

"छे. यांना शिंगं आहेत."

"तेच."

दोघं मधल्या टाकीपाशी गेली. वर भिंतीवर मॅडमच्या अक्षरातली पाटी होती: अंडीवालीला हात लावू नये. या प्रयोगशाळेत हा देवाचा शब्द. पूर्वी एका विद्यार्थ्याने एक खेकडी उलटी करून पाहिली, ती बिथरली आणि तिने सगळी अंडी झाडून टाकली. त्याचा पूर्ण हंगाम बुडाला. तेव्हापासून अंडीवाली आली की काचेच्या तळाखालून पाहायचं, बस्स. खेकड्याच्या पोटावर शेपटी दुमडून झाकणासारखी बसलेली असते. झाकण निमुळतं असेल तर नर, रुंद गोलसर असेल तर मादी, आणि झाकण उचललेलं आणि खाली पिवळट-नारिंगी काही फुगलेलं दिसलं तर अंडीवाली. तिने स्वतः आईसाहेबांना असंच पारखून रांगेत घेतलं होतं. रुंद झाकण, पिवळं पोट. एवढं पुरत असे.

तिने बाही वर केली.

"अगं, मॅडम..." लंबू म्हणाला.

तिने हात पाण्यात घातला, पाठीच्या दोन्ही कडांना धरून आईसाहेबांना उचललं आणि उलटं केलं. एकही अंडं गळलं नाही, कारण गळायला अंडंच नव्हतं. झाकणाखाली दाण्यांचा पुंजका नव्हता, तर एकसंध, गुळगुळीत, पिवळी पिशवी होती, शेंगदाण्याएवढी. ती आखूड देठाने सरळ पोटात रुतलेली होती. तिने चिमट्याच्या टोकाने पिशवी किंचित बाजूला सारली. मादीला तिथे अंडी धरायला पिसांसारखे पाय असतात. इथे दोन सुकलेल्या, बारीक काड्या होत्या. अशा काड्या कुणाला असतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"आईसाहेब बाई नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"नर आहे हा."

लंबूने तिच्याकडे पाहिलं, खेकड्याकडे पाहिलं. "सकाळी चहा घेतलास ना?"

"लंबू, नर आहे."

"मग पोटाशी काय धरलंय त्याने?"

तिला ते नाव आठवलं. पुस्तकात एका पानावर होतं ते. परीक्षेत या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. सॅक्युलिना. खडकांना आणि होड्यांच्या बुडाला जी पांढरी धारदार कवचं चिकटतात, त्यांच्या नात्यातला परजीवी. खेकड्याच्या अंगात तो एवढासा शिरतो आणि मुळांसारखा पसरत जातो, यकृतातून, स्नायूंतून, थेट पायांच्या टोकांपर्यंत. खेकडा मरत नाही. त्याची स्वतःची बीजं तेवढी सुकतात. मग पोटाखालून परजीवीची पिशवी बाहेर येते, अगदी अंड्यांच्या जागी, आणि खेकडा तिला अंडी समजून साफ करतो, वारा घालतो, वेळ झाली की पोट हलवून त्या परक्या पिल्लांना पाण्यात सोडतो. आणि खेकडा नर असला, तर त्याचं झाकण मादीसारखं रुंद होतं. नर आई होतो.

हे तिने परीक्षेत असंच्या असं लिहिलं होतं. आणि त्याच हातांनी या प्राण्याला रोज शिंपल्याचे तुकडे घातले होते, त्याचे श्वास मोजले होते, आणि त्या श्वासांना 'आईचा खर्च' असं नाव दिलं होतं.

"आयला," लंबू हळूच म्हणाला. "म्हणजे आईसाहेबांचे आबासाहेब झाले."

मॅडम आल्या तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "हात लावलास?"

"हो."

पर्स खुर्चीवर ठेवून त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं, फार वेळ पाहिलं. वयाने केस पिकलेल्या, हळू आवाजात बोलणाऱ्या बाई होत्या त्या. त्यांना कधी चिडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आत्ताही त्या चिडल्या नाहीत, पण डोळा वर उचलला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला होता.

"बाकीच्या?" त्या म्हणाल्या.

तिघांनी मिळून रांगेतली एकेक टाकी उघडली. पाटीखाली उभं राहून एकेक 'आई' उलटी केली. पहिली खरी निघाली. दाणेदार, नारिंगी, जिवंत अंडी, आणि ती खेकडी रागाने नांग्या झाडत होती. दुसरीच्या पोटाशी पिशवी. तिसरीच्याही. खाडीच्या तोंडाशी पकडलेला एक सगळा गट होता, त्यातल्या बहुतेकांच्या पोटाशी ती गुळगुळीत पिशवी होती. काही खरोखर माद्या होत्या, काही नर. कुणाच्याच पोटी स्वतःचं काही नव्हतं.

मॅडमनी त्यातला एक बर्फात ठेवून बधिर केला आणि स्वतः कात्री घेतली. कवच उचललं. आत यकृतावर, आतड्यांवर, सगळीकडे फिकट हिरवट धाग्यांचं जाळं. मॅडमनी एक पाय सांध्यात उघडला. तिथेही धागे. कुठे खेकडा संपतो आणि कुठे तो दुसरा सुरू होतो, हे सांगता आलं नसतं.

"याने गेल्या आठवड्यात माझं बोट चावलं होतं," लंबू म्हणाला. "त्या पिशवीला वाचवायला."

मॅडमनी हात धुतले, बराच वेळ धुतले. "पाटी माझी आहे," त्या नळाकडे बघत म्हणाल्या. "मी म्हटलं हात लावू नका, आणि तुम्ही लावला नाहीत. माझ्या जुन्या सगळ्या मोजण्यांत याच खाडीचे खेकडे आहेत."

या वाक्याचा अर्थ पोचायला तिला थोडा वेळ लागला. तिचं एक वर्ष जाणार होतं. मॅडमची किती गेली होती कोण जाणे.

"आज सांगायलाच हवं असं थोडंच आहे?" लंबू चाचरत म्हणाला. "आज मंजुरी घ्या. पुढच्या वर्षी नीट मोजा, आणि दुरुस्ती छापा. दुरुस्त्या काय, रोज होतात."

तिने मॅडमकडे पाहिलं.

"बोलणार तू आहेस," मॅडम म्हणाल्या. "मी अडवणार नाही."

"कुठल्या बाजूने अडवणार नाही?"

"कुठल्याच." त्यांनी टॉवेलची नीट घडी घातली. "खरे तेवढे ठेवून आलेख नव्याने काढ. मग बघ, उभं राहवतं का त्याच्यापुढे."

नव्या आलेखात तिसरा खांब धपकन खाली आला. तो अजून उंच होता, पण पहिल्या दोघांच्या डोक्यावर पाय देण्याइतका नाही. आणि चुका काढायला बसल्यावर पहिला खांबही डळमळला. नर बरणीत एकटा, स्वस्थ बसलेला असताना मोजला होता. मादीला पोटाखाली धरून उपाशी हिंडणारा नर कुणी मोजलाच नव्हता. नराचं काय जातं, असं गृहीत धरूनच सगळे निघाले होते.

तेवढ्यात फोन वाजला. मामा.

"निघालो गं चिमे. इस्त्रीचा शर्ट घातलाय, वरून कामाचं जाकीट आहे, पण आल्यावर काढीन. नावं ठेवू नकोस."

मामा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. तिला घरी आणलं तेव्हा ती रांगतही नव्हती. आई गेलेली आणि बाप त्याआधीच निघून गेलेला. बहिणीची मुलगी म्हणून मामाने तिला ठेवून घेतलं ते कायमचं. त्याचं ठरलेलं लग्न त्या वर्षी मोडलं आणि पुन्हा ठरलं नाही. हे त्याने कधी सांगितलं नाही. ते मामाची थोरली बहीण, मावशी, आली की सांगायची, तेही तिच्या देखत. रोज संध्याकाळी जेवताना मामा विचारायचा, "आईसाहेब काय म्हणतात?" ती सांगायची, आज इतका वारा घातला, आज पिल्लं सोडली. "त्यांना म्हणावं, जरा बसा. दमाल," मामा म्हणायचा. तिचं बोलणं ऐकायला तो आज पहिल्यांदा येत होता, आणि आईसाहेबांचं कौतुक ऐकायलाही.

येऊ नकोस, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. "दुसरा मजला," ती म्हणाली. "जिन्याने ये, लिफ्ट बंद आहे."

"लाज आणलीस," मामा म्हणाला.

समितीत तिघं जण होते. अध्यक्ष गृहस्थ पेन्सिलीचं टोक हनुवटीवर टेकवून ऐकत. मामा शेवटच्या रांगेत बसला होता. जाकीट काढून मांडीवर घडी घातलेलं. तिने जुना आलेख दाखवला. मामाने शेजारच्या लंबूला कोपर मारून काहीतरी विचारलं, बहुधा यातल्या आईसाहेब कुठल्या.

"हा आलेख चुकीचा आहे," ती म्हणाली. "हे मला आज सकाळी कळलं."

मग तिने सगळं सांगितलं. पिल्लाचं छायाचित्र दाखवलं, शिंगांसकट. उघडलेल्या खेकड्याचं दाखवलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडावर हात धरला.

"परजीवी शिरला की खेकड्याची वाढ थांबते," ती सांगत होती. "पुन्हा तो कवच बदलत नाही. जोडीदार शोधत नाही. स्वतःची पिल्लं त्याला कधीच होत नाहीत. खातो ते सगळं दुसऱ्याच्या पिल्लांकडे जातं, आणि आयुष्यभर तो त्यांना..."

ती थांबली. शेवटच्या रांगेत मामा पुढे झुकून, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवून ऐकत होता. आपण काय बोलतोय, हे तिच्याच कानांवर आता पडलं. सकाळपासून तिने ही वाक्यं मनात घोकली होती. लंबूला, मॅडमना, स्वतःला सांगितली होती. एकदाही त्यांच्यात तिला मामा दिसला नव्हता. पुढचं वाक्य राहिलंच होतं, आणि ते टाळलं तर विषय अर्धा राहत होता.

"...जपत राहतो," ती म्हणाली.

अध्यक्षांनी पेन्सिल खाली ठेवली. "मग तुमच्याकडे उरलं काय?"

"खऱ्या माद्या थोड्या. आणि एक प्रश्न. नराचा खर्च आम्ही नीट मोजलेलाच नाही."

"म्हणजे उत्तर नाही."

"नाही."

त्यांनी आपसांत कुजबुज केली. मॅडम उठून उभ्या राहिल्या आणि आपल्या हळू आवाजात म्हणाल्या, की मुलीचा दोष नाही, पाटी त्यांची आहे, आणि त्यांची जुनी मोजणीही तपासावी लागेल. त्यानंतर समिती बाहेर गेली आणि आली. वर्षाची मंजुरी मिळाली नाही. हंगाम संपेपर्यंत टाक्या राहतील. तोवर नव्याने मोजून दाखवा, मग पाहू, असं अध्यक्ष म्हणाले. जाताना ते दारात थांबले. "जिवंत आहे का तो? बघता येईल?" त्यांनी विचारलं, आणि टाकीपाशी जाऊन लहान मुलासारखे वाकून बघत बसले.

सगळे पांगल्यावर मामा आला. जाकीट पुन्हा अंगात होतं. तो टाकीसमोर उभा राहिला. आत खेकडा नेहमीसारखा पिशवीला वारा घालत होता.

"हेच का आईसाहेब?"

"हो."

"कळत नाही बघून."

"मलाही कळलं नाही."

मामाने काचेवर बोट टेकवलं. नांगी उगारून खेकडा धावून आला. मामा हसला. "बघ, बघ. कसा अंगावर येतो." मग तसाच, काचेकडे बघत म्हणाला, "म्हणजे माझी गत झाली याची."

हे तो म्हणेल, असं तिला वाटलंच नव्हतं. आणि इतकं सहज म्हणेल, हे तर नाहीच.

"मामा, मी तसं..."

"अगं, तू नाही. तुझी मावशी म्हणायची. पोर नाही, पोखरणारी कीड आहे म्हणायची. एवढीशी होतीस तू." त्याने दोन बोटांत माप दाखवलं. "मी म्हणायचो, असू दे. तिथे बोलताना तुझा आवाज का अडकला, ते कळलं मला."

"पण तसं नाहीये ते." ती घाईघाईने म्हणाली, शास्त्राचं काही हाताशी लागतंय का ते शोधत राहिली, आणि लागलं. "त्याला कळत नाही, मामा. ते आपलंच आहे, असंच त्याला वाटतं. दुसऱ्याचं आहे हे त्याला ठाऊकच नसतं."

मामाने यावर विचार केला. लिफ्टचा आवाज ऐकून बिघाड कुठे आहे ते ताडताना तो जसा मान तिरकी करायचा, तशी मान तिरकी केली.

"मग माझं वेगळं," तो म्हणाला. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

खेकडा माघारी जाऊन पुन्हा वारा घालू लागला. ती मामाच्या शेजारी उभी राहिली.

"याला आज खायला घातलंस का?" मामाने विचारलं.

सकाळपासून ती ते विसरली होती. रांगेतल्या कुणालाच घातलं नव्हतं. तिने डबा उघडला, शिंपल्याचा तुकडा चिमट्यात धरला आणि पाण्यात सोडला. तुकडा खाली जायच्या आत नांगीने तो झेलला.

"चिमे, उद्यापासून पोटाशी धरणाऱ्या नरांचं मोजणार ना?" मामा म्हणाला.

"हो."

"मग दोन घाल. भुकेलाय तो."

तिने दुसरा तुकडा सोडला.